वरचं काही खोडलेलं नाही

३ ऑगस्ट

बॉबिन,

या नावाने तुला हाक मारणारी आता मी एकटीच उरले असेन. ऑफिसात कोणाला सांगू नकोस, नाहीतर तेच चिकटेल.

मेल न करता कागदावर लिहितेय, त्याला कारण आहे. ते नंतर कधीतरी सांगेन. काम असं आहे की, तू कॉलेजात असताना मामांना जी वेबसाइट करून दिली होतीस ना, शिलाई मशीन दुरुस्तीची, तिला काहीतरी झालंय. दोनशे बारा पानं आहेत तिच्यात. दोरा खाली गोळा का होतो, सुई सारखी का मोडते, टाका का सुटतो, प्रत्येकाचं वेगळं पान. दिवसाला किती माणसं आली त्याचा आकडा तळाशी येतो. मे महिन्यापर्यंत तो आठशे-नऊशेच्या घरात असायचा. जूनमधल्या एका मंगळवारी चारशे झाला. मला वाटलं, कुठेतरी सुट्टी असेल. मग दोनशे झाला. काल त्रेचाळीस होता.

मी स्वतः सर्चमध्ये 'मशीनची सुई सारखी मोडते' असं टाकून पाहिलं. पूर्वी पहिलं नाव आपलं यायचं. आता तीन पानं पुढे गेले तरी पत्ता नाही. साइट बंद नाही पडलेली, थेट पत्ता टाकला की उघडते. फक्त कुणाला सापडत नाही.

तू म्हणशील, मामांना जाऊन दीड वर्ष झालं, आता मामीला हे कशाला हवंय. बरोबर आहे तुझं. मला तसं विशेष काही वाटत नाही. हल्ली कशाचंच वाटत नाही. जेवते, झोपते, जिने चढते-उतरते, तब्येत उत्तम आहे. पण सकाळी चहा घेऊन मी खाली दुकानात येते, मशीनवरची धूळ पुसते, कॉम्प्युटर लावते आणि मामांना आलेली पत्रं वाचते. माणसं यायची थांबली की पत्रं थांबतील. पत्रं थांबली की ते गेले. एवढंच आहे. साइट वर आणणं हाच तुझा धंदा आहे, तेव्हा काय करायचं ते सांग.

तुझी मामी


११ ऑगस्ट

मामी,

पत्र मिळालं. हाताने लिहायची सवय गेलीय, अक्षर लावून घे.

तुझं काही चुकलेलं नाही. जूनमध्ये सर्चने नियम बदलले. वर्षातून दोन-चारदा बदलतात. कोणत्या साइटवर किती भरवसा ठेवायचा हे ते नव्याने ठरवतात आणि सगळ्यांची पुन्हा रांग लावतात. कालपर्यंत पुढे असलेला मागे जातो. का ते कुणी सांगत नाही, आम्ही अंदाज बांधतो आणि त्या अंदाजाचा पगार घेतो. या वेळी छोट्या साइट मागे गेल्यात आणि हजारो पानांच्या मोठ्या साइट पुढे आल्यात.

करता येण्यासारखं थोडं आहे. लिहिणारा कोण आहे, त्याला काय अनुभव आहे, याचं एक पान कर. फोटो लाव. खरा माणूस लिहितोय असं सर्चला दिसलं पाहिजे. पानांवरच्या तारखा फार जुन्या असतील तर ताज्या कर, जुनं पान मागे पडतं.

पण खरं सांगू का, एवढा खटाटोप करायलाच हवा असं नाही. मामा गेल्यावर तिथे कुणी बसत नसेल, साइट आपली नुसती पडून असेल, असंच मी धरून चाललो होतो. अशा साइट हळूहळू मावळतात. त्यात वाईट काही नाही.

माझं ठीक आहे. ऑफिस नव्या इमारतीत गेलंय, खिडक्या उघडत नाहीत. बायको तिच्या कामात असते, मी माझ्या. भांडण वगैरे काही नाही.

बॉबिन


१९ ऑगस्ट

बॉबिन,

तुझं अक्षर लागलं. कोंबडीचे पाय आहेत, पण लागलं.

सांगितलंस ते सगळं केलं. फोटो लावला, भिंगाचा चष्मा लावून सुईची दांडी तपासतात तो. खाली लिहिलं, 'चाळीस वर्षांपासून शिलाई मशीन दुरुस्त करतात.' करतात असं लिहून गेले. मग वाचलं आणि तसंच राहू दिलं.

तारखाही बदलल्या. दोनशे बारा पानांवर १४ ऑगस्ट. आकडा त्रेचाळीसचा पंचावन्न झाला, दोन दिवस राहिला आणि एकतीसवर आला. शिवाय एक घोळ झाला. मामांची पद्धत तुला आठवत असेल. त्यांच्या वहीत खाडाखोड नसायची. मशीन कुणाचं, काय बिघडलं, काय केलं, इतकंच लिहायचे. काही चुकलं तर वरचं तसंच ठेवून त्याच पानाखाली रेघ मारायची, 'दुरुस्ती' असं लिहायचं आणि तारीख घालायची. साइटवरही तेच केलं त्यांनी. म्हणायचे, चूक दिसली पाहिजे, नाहीतर पुढच्याला कळणार कसं की इथे पाय घसरतो. आता माझ्या हाताने असं झालं की दुरुस्त्या जुन्या आणि चुका नव्या. वाचणाऱ्याला वाटेल, या माणसाने आधी बरोबर सांगितलं आणि मग विचार करून चूक केली. दोन दिवस बसून सगळ्या तारखा परत होत्या तशा घातल्या. हे एक मात्र मला टोचलं.

आता ते कारण सांगते. साइटवर कुणी बसत नाही असं तू लिहिलंस. मी बसते. ते गेल्यानंतर तेराव्या की चौदाव्या दिवशी एका बाईचं पत्र आलं होतं, दुसऱ्या दिवशी परीक्षेला मुलीचा ड्रेस हवा आणि मशीन अडकलंय. उत्तर मला येत होतं. छत्तीस वर्षं त्यांच्या शेजारी बसून स्क्रू उचलून दिलेत मी. लिहिलं, आणि खाली सही आपोआप त्यांचीच पडली. पुढचंही तसंच गेलं. दीड वर्षात साडेसहाशे उत्तरं दिलीत मी त्यांच्या नावाने, मेलवर आणि पानांखालीही. लोक विचारतात, काका, तब्येत कशी आहे. मी लिहिते, उत्तम. त्यांच्या मेलच्या त्या पेटीतून तुला लिहायला हात धजेना, म्हणून हा कागद.

तुझ्या आईला कळलं तर ती म्हणेल की मामीच्या डोक्यावर परिणाम झालाय. तिला सांगू नकोस.

मामी


२ सप्टेंबर

मामी,

आईला काही सांगितलेलं नाही.

मला यात गैर वाटत नाही. म्हणजे, काही वाटलं पाहिजे असं मला कळलं, पण वाटलं नाही. वाचून झाल्यावर पत्र ड्रॉवरमध्ये ठेवलं आणि मीटिंगला गेलो.

पानांखाली उत्तरं येत होती, हे मी पाहिलंच नव्हतं. कधी उघडलंच पान, तर वरचा मजकूर बघून बंद केलं असेल. खालपर्यंत गेलो नाही.

आता साइटबद्दल. फोटो आणि तारखांनी होणार नसेल तर एकच गोष्ट उरते. मामाच्या त्या खालच्या दुरुस्त्या काढून टाक आणि वरचा मजकूरच बरोबर करून घे. सर्चला वरच्या चार ओळी कळतात. एकाच पानावर वर एक आणि खाली त्याच्या उलट असलं की त्याला हा माणूस भरवशाचा वाटत नाही. पासवर्ड पाठवलास तर मी इथून करून देतो, तुला दोन दिवस घालवायला नकोत.

बॉबिन


१४ सप्टेंबर

बॉबिन,

पासवर्ड पाठवत नाही. रागावून नाही. दुरुस्त्या काढायच्या नाहीत. ती त्यांची पद्धत होती आणि माझ्याकडे आता पद्धतच तेवढी उरलीय.

तुला दुसरंच काम सांगायचंय. गेल्या आठवड्यात एका शिवणकाम करणाऱ्या बाईचं पत्र आलं. तिच्याकडे जुनं हिरवं मशीन आहे. जगातले सगळे स्क्रू डावीकडे फिरवले की सैल होतात, पण त्या हिरव्या मशीनच्या चाकाचा स्क्रू उलट्या आट्यांचा आहे, तो उजवीकडे फिरवावा लागतो. तिने सर्चमध्ये पाहिलं, पहिल्याच नंबरावर उत्तर होतं: डावीकडे फिरवा, घट्ट वाटल्यास जोर लावा. तिने जोर लावला. स्क्रूचं डोकं तुटून हातात आलं आणि बाकीचा आत राहिला. पडदे शिवून घर चालवते ती. एकच मशीन आहे.

मी ती साइट उघडली. घरातलं काहीही दुरुस्त करा, नळ, पंखा, शिलाई मशीन, चार हजार पानं. हिरव्या मशीनचं पान वाचायला घेतलं आणि मला ओळखीचं वाटायला लागलं. आपल्याच पानाचा क्रम, आपलेच दाखले, शब्द तेवढे फिरवलेले. मामा लिहायचे ना, सुई आणि हुक यांच्यात पत्त्याच्या एका पानाइतकी फट ठेवा, पान राणीचं घ्या, राजा फार हाताळलेला असतो. तिथे लिहिलंय, 'सुई व हुक यांमधील अंतर एका राणीएवढे असावे.' मला हसू आलं. मामा गेल्यापासून पहिल्यांदा. मग तेही थांबलं.

तो डावीकडचा घोळ मामांचाच आहे. बसल्या बैठकीला लिहिताना हाताला सगळीकडची डावी सवय. दोन दिवसांनी त्यांनी खाली लिहिलं, 'दुरुस्ती: उजवीकडे. माझी चूक. जोर लावू नये.' उचलणाऱ्याने वरचं उचललं आणि खालचं टाकलं. आता आपली साइट कुणाला सापडत नाही आणि मामांची चूक पहिल्या नंबरावर आहे.

तू याच धंद्यातला आहेस. त्या साइटचं काम कोण करतं ते शोधून काढ आणि त्यांना सांग, एक शब्द बदला. बाकी सगळं घ्या म्हणावं, मला त्याचं काही नाही.

मामी


५ ऑक्टोबर

बॉबिन,

तीन आठवडे झाले. टपालात गेलं असेल म्हणून पुन्हा लिहितेय. हिरवी मशीनं आणखी दोन मोडली. एक म्हातारे गृहस्थ आहेत, बायकोच्या आठवणीचं मशीन चालू करायला निघाले होते. तुझ्या ओळखीत कुणी नसेल तर तसं कळव, मी दुसरीकडे विचारते.

मामी


१२ ऑक्टोबर

मामी,

टपालात गेलं नव्हतं. दोन्ही पत्रं मिळाली.

त्या साइटचं काम आमची कंपनी करते. मी करतो.

मामा गेल्यावर चार महिन्यांनी ते काम आमच्याकडे आलं. दोन महिन्यांत चार हजार पानं उभी करायची होती. एवढं माणसं लिहू शकत नाहीत. ज्या साइट चांगल्या आहेत त्यांची यादी करायची, सॉफ्टवेअर त्यांचा मजकूर घेऊन शब्द बदलून नवा करतं. शिलाई मशीनच्या यादीत पहिलं नाव मी मामाच्या साइटचं लिहिलं. सगळ्यात चांगली तीच होती म्हणून लिहिलं. हे खरं आहे आणि त्याचा उपयोग काही नाही. आता तिथे कुणी नाही असं मला वाटलं होतं, तेही खरं आहे.

काय घ्यायचं आणि काय सोडायचं हेही मीच लिहून दिलं होतं. मी ते कागद परत काढून पाहिले. तिसरी ओळ अशी आहे: वरचा मजकूर घ्यावा, खालच्या नोंदी सोडाव्यात. मामाची पद्धत मला माहीत होती, मामी. ती साइट करताना प्रत्येक पानाखाली दुरुस्तीसाठी जागा त्याने माझ्याकडूनच सोडून घेतली होती. ते वाक्य लिहिताना मला ते आठवलं नाही. आठवलं असतं तर वेगळं लिहिलं असतं का, हेही मला सांगता येत नाही.

ऑगस्टमध्ये तुझं पहिलं पत्र आलं तेव्हाच मला माहीत होतं की तुझ्या जागी कोण आलंय. तरी मी तुला फोटो लाव, तारखा बदल, असं सांगत राहिलो. सल्ले खोटे नव्हते. पण चार हजार पानांपुढे त्यांनी काही होणार नाही हे मला माहीत होतं. तू दोन दिवस बसून तारखा परत घातल्यास ते वाचलं, आणि गप्प बसलो.

तुझं सप्टेंबरचं पत्र आल्यावर मी साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, पान पहिल्या नंबरावर आहे, पहिल्या नंबरावरच्या पानाला हात लावायचा नाही. मग मी न विचारता एक शब्द बदलला. चौथ्या दिवशी सॉफ्टवेअरने पानं ताजी केली आणि परत डावीकडे झालं. मी परत बदललं. परत तेच. मग रोज सकाळी पोचल्यावर आधी ते पान उघडायचं, डावीकडे असेल तर उजवीकडे करायचं आणि मग चहा घ्यायचा, असं चाललं होतं. परवा माझा पासवर्ड चालला नाही. काल त्यांनी बोलावून सांगितलं की उद्यापासून यायची गरज नाही. मी ठीक आहे म्हणालो आणि लिफ्टने खाली आलो.

तू मला काय म्हणशील याचा विचार करून पाहिला. जे म्हणशील ते बरोबर असेल. ते पान आत्ताही डावीकडेच आहे.

बॉबिन


२४ ऑक्टोबर

बॉबिन,

तुझं पत्र वाचून मी रागाची वाट पाहिली. दुकानात बसून राहिले, चहा गार झाला, राग काही आला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आला. मशीनवरचं फडकं काढलं आणि एकदम आला, इतका की फडकं भिरकावलं. मग ते उचलून घडी घातली. तू केलंस ते वाईट केलंस. मी विचारल्यावरही चार आठवडे गप्प बसलास ते जास्त वाईट. हे लिहून ठेवते, म्हणजे पुन्हा बोलायला नको.

आता माझं. तुला नावं ठेवायला बसले आणि माझ्याच लक्षात आलं, मी तरी दुसरं काय केलं. तू त्यांचं वरचं घेतलंस आणि खालचं टाकलंस. ते गेले ही खालची ओळ होती, ती मी दीड वर्ष लिहिलीच नाही. साडेसहाशे माणसांना मी मेलेल्या माणसाची तब्येत उत्तम असल्याचं कळवलं.

तेव्हा शनिवारी बसले. हिरव्या मशीनच्या पानावर 'उजवीकडे' ही ओळ मी सगळ्यात वर लिहिली, मोठ्या अक्षरात. ते असते तर कडाडून भांडले असते, दुरुस्तीची जागा खाली असते म्हणून. भांडू देत. खाली लिहून किती मशीनं मोडली ते त्यांनी पाहिलेलं नाही. ज्या तिघांची मोडली त्यांना वेगळं लिहिलं, माझ्या नावाने. आणि पहिल्या पानावर, अगदी तळाशी, रेघ मारून हे लिहिलं. तुला दाखवायला इथे उतरवून काढते:

'दुरुस्ती, २१ ऑक्टोबर. ही पानं लिहिणारे गृहस्थ गेल्या वर्षी फेब्रुवारीत वारले. त्यानंतरची सगळी उत्तरं त्यांच्या बायकोने दिली आहेत. उत्तरं तपासून पाहिली, बरोबर आहेत. सही चुकीची होती. तब्येतीबद्दल जे कळवलं तेही चुकीचं होतं. यापुढे प्रश्न पाठवल्यास मी उत्तर देईन. वरचं काही खोडलेलं नाही.'

लिहून झाल्यावर रडले. बरंच. म्हणजे ते आत होतं कुठेतरी.

आकडा त्या दिवशी एकोणीस होता, काल चौदा. वर जाईल असं दिसत नाही, तू काही सुचवू नकोस. चौदांतल्या एकाचं पत्र आलं. जुना शिंपी आहे, मामांना दहा वर्षं लिहायचा. म्हणतो, वहिनी, आम्हाला केव्हाच कळलं होतं. काकांचं उत्तर दोन पानी असायचं आणि मुद्दा दुसऱ्या पानावर यायचा. गेलं दीड वर्ष चार ओळीत काम होतंय. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून विचारलं नाही.

तुझं पत्र मी फाडलं नाही. मामांच्या वहीत ठेवलंय, आणि त्याच्या तळाशी रेघ मारून लिहिलंय: 'दुरुस्ती: कुणी न पकडता स्वतःहून सांगितलं.' तारीख घातलीय.

पडदे शिवणारी बाई रविवारी तिचं मशीन घेऊन येतेय. तो तुटलेला स्क्रू आतून काढायचाय. मी छिद्र पाडून काढू शकते, मामांनी दोनदा काढलेला मी पाहिलाय, पण चाक हलू न देता घट्ट धरून ठेवायला एक माणूस लागतो आणि माझ्या मनगटात तेवढा जोर नाही. तुला आता रविवार काय, सोमवारही मोकळाच आहे. सकाळी नऊपर्यंत पोच. जुना शर्ट घाल, तेल उडतं.

मामी